भलत्याच पायाला बर्फ

"ताज्या दुखण्याला थंड, जुन्या दुखण्याला गरम. एवढं ज्याला कळलं, त्यानं डॉक्टरची पायरी चढायचं कारण नाही," असं शिडीनाना छाती पुढे काढून सांगत. समोर कोण बसलंय हे ते पाहत नसत. एकदा तर त्यांनी हे डॉक्टरलाच सांगितलं होतं.

नाना अग्निशमन दलात होते. नवी भरती झाली की प्रथमोपचाराचा पहिला धडा तेच देत. ताजं दुखणं म्हणजे ताजी आग, ती पसरायच्या आत पाणी मारा. जुनं दुखणं म्हणजे गंजलेला नट, त्याला आच दाखवल्याशिवाय तो जागचा हलत नाही. नवी पोरं माना डोलवत आणि नानांना वाटे, आपण जन्माला आलो नसतो तर निम्मं गाव लंगडत असतं.

त्यांना शिडीनाना म्हणायचं कारण म्हणजे दलातली सगळ्यात लांब शिडी. ती दलाची होती, पण तिला तेल दुसऱ्या कुणी दिलेलं नानांना खपत नसे. निवृत्ती उंबऱ्यावर येऊन ठेपली होती, केस पिकले होते, तरी शिडी भिंतीला टेकली की पहिला पाय नानांचाच पडायचा. मोठ्या साहेबांच्या मनात मात्र वेगळंच होतं. नानांना आता फोनच्या टेबलावर बसवावं, असं ते बरेच दिवस घोळवत होते. त्या टेबलामागच्या खुर्चीवर गादी होती आणि गादीचीच नानांना भीती होती. त्या खुर्चीवर बसलेला माणूस आठवड्याभरात चष्मा पुसायला लागतो आणि महिन्याभरात पंख्याबद्दल तक्रार करायला लागतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

दरवर्षी सरावाच्या मनोऱ्यावर शिडीनं चढून उतरायची परीक्षा असे. नियम साधा होता. स्वतःच्या पायांनी वर जायचं, स्वतःच्या पायांनी खाली यायचं. जो चुकेल किंवा आजाराची सबब सांगून येणार नाही, त्याची रवानगी फोनच्या टेबलावर. यंदा साहेबांनी परीक्षेचा दिवस जाहीर करताना नानांकडे असं पाहिलं, की खाटिकानं बोकडाकडे तरी जरा मायेनं पाहावं.

आणि परीक्षा परवावर आलेली असताना नाना पडले.

आगीत पडले असते तर मान तरी मिळाला असता. ते पडले स्वयंपाकघरात. बल्ब बदलायला ज्या स्टुलावर चढले होते तो इतका ठेंगणा होता, की घरातली मांजर त्यावर उडी न मारता नुसता पाय टाकून चढायची. आयुष्यभर तीन-तीन मजले चढलेला माणूस वीतभर उंचीवरून खाली आला आणि उजव्या पायाचा घोटा वाळक्या काटकीसारखा वाजला. आवाज ऐकून नानी बाहेरच्या खोलीतून धावत आल्या, तेव्हा नाना भिंत धरून, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं उभे होते.

"लागला का?" नानींनी विचारलं.

"थोडासा. घोट्याला."

"बल्ब म्हणते मी."

मग लंगडणं पाहून त्यांनी गंभीरपणे पाणी तापत ठेवलं. नानींचा शेकावर फार विश्वास. डोकं दुखलं, शेक. पोट दुखलं, शेक. शेजारणीशी वाजलं तरी त्या रबराची पिशवी मानेखाली घेऊन पडत आणि तासाभरानं शेजारणीला माफ करून उठत. पण नानांनी त्यांना जागच्या जागी थांबवलं. दुखणं ताजं होतं. ताज्याला थंड. दोन दिवस बर्फ लावायचा, सूज उतरवायची आणि परवा सकाळी टणाटण शिडी चढायची. योजना चोख होती. फक्त घरात बर्फ नव्हता. त्यांचा फ्रिज इतका म्हातारा झाला होता, की बर्फाच्या साच्यात पाणी ठेवलं तर त्याला नुसता घाम यायचा.

"त्यात काय, आपल्या जावयाला सांगते," म्हणत नानींनी लेकीला फोन लावलासुद्धा.

जावई बर्फाच्या कारखान्यात लाद्या कापायच्या कामावर होता. स्वभावानं सोनं, पण बोलणं म्हणजे दुष्काळ. लग्नाला वर्ष होत आलं, तरी सासऱ्याशी त्याची एकूण तीन वाक्यं झाली होती: "हो", "बरं" आणि "निघतो". नानाही घरच्या माणसांपुढे भिडस्त. जावयाशी काय बोलायचं हे त्यांनाही सुचत नसे. दोघं बैठकीत बसले की गाडीची वाट बघणाऱ्या दोन अनोळखी उतारूंसारखे दिसायचे, आणि मधे लेक चहाचे कप हातात घेऊन रडकुंडीला यायची. असा हा जावई, बायकोनं निरोप सांगताच स्वतःहून म्हणाला, "मीच जातो." लेकीला इतका आनंद झाला, की तीही पायात चपला सरकवून मागोमाग निघाली.

ते येईपर्यंत आजूबाजूची माणसं नानांचा पाय बघून, दाबून, आपापल्या मावशांच्या पायांच्या गोष्टी सांगून गेली होती. त्या दाबण्याला कंटाळून नानांनी दुखरा उजवा पाय खुर्चीखाली ओढून घेतला आणि त्यावर चादर सोडली. डावा पाय, तो तरी कुठे ठेवायचा म्हणून, समोरच्या स्टुलावर ठेवला. तोच तो स्टूल.

जावई आला तो खांद्यावर पोत्यात गुंडाळलेली बर्फाची अख्खी लादी घेऊन. दारात वाकला, लादी उतरवली, जमिनीवर मांडी घातली, स्टुलावरचा नानांचा डावा पाय दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतला आणि त्याला बर्फाचा हा एवढा तुकडा लावला.

नानांनी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांची नजर दारातल्या लेकीवर गेली. तिचे डोळे भरून आले होते. तिनं ओठांवर बोट ठेवलं, हात जोडले आणि पुन्हा ओठांवर बोट ठेवलं. बाबा, आत्ता काहीही बोलू नका, तो वर्षभरात पहिल्यांदा आपणहून आलाय, असं ते बोट सांगत होतं.

"कसं वाटतंय?" जावयानं विचारलं. वर्षातलं चौथं वाक्य. शिवाय प्रश्न.

नाना उघडलेलं तोंड मिटून म्हणाले, "वा. आराम पडला."

भीड भिकेची बहीण म्हणतात. नानांच्या घरात ती बर्फाची आई निघाली.

कारण जावयाला काम मिळालं होतं आणि ते तो मनापासून करत होता. कारखान्यातल्या माणसाला बर्फ म्हणजे उशी. त्याच्या तळहातांना थंडी कळायची कधीच बंद झाली होती, त्यामुळे मधे फडकं गुंडाळावं, थोड्या थोड्या वेळानं काढावं, हे त्याला सुचलंच नाही. नानांना माहीत होतं; पोरांना ते हेच शिकवायचे. पण आता फडकं मागायचं म्हणजे जावयाची चूक काढायची. त्यांनी दात खाल्ले. आधी पाय झोंबला, मग जळला, मग त्याच्याकडून काही बातमीच येईना. खुर्चीखाली उजवा घोटा भट्टीतल्या विटेसारखा रटरटत होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार दोन्ही पायांना एकदम बसत होता.

जावई गेल्यावर खरं सांगून टाकावं, असं नानांच्या मनात आलं. पण नानींना सांगितलेली गोष्ट म्हणजे वाजवलेला भोंगा. ती लेकीकडे जाणार, लेकीकडून जावयाकडे, आणि मग तो गडी पुढची दहा वर्षं तोंड उघडणार नाही.

"मला वाटलं होतं, उजवा लागलाय," नानी म्हणाल्या.

"डावाच," नाना म्हणाले, आणि त्या क्षणापासून त्यांचा डावाच पाय दुखायला लागला. लंगडायचंही डाव्याच पायानं होतं. म्हणजे सगळा भार उजव्यावर टाकायचा, जो खरा मोडकळीला आला होता, आणि चेहरा मात्र डावीकडून कळवळायचा. नाटकातल्या नटालाही हे जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी नानींनी डाव्या पायाची लालभडक कातडी पाहिली आणि त्यांच्या शेकाला नवी पालवी फुटली. थंडीनं काय झालंय बघा म्हणत त्यांनी गरम पाण्याची पिशवी आणून पायावर ठेवली. पाय बधिर, गरम लागतंय का विचारलं तर नाना नाही म्हणाले. नानींनी आणखी कढत पाणी भरलं. तरी नाही. तिसऱ्यांदा पिशवीतून वाफ यायला लागली तेव्हा नानांच्या नाकाला कळलं, पायाला नाही. पिशवी फेकली, पण तोवर अंगठ्याजवळ वाटाण्याएवढा फोड टरारून आला होता. धडधाकट पाय गोठवूनही झाला आणि भाजूनही झाला. सुजलेल्या पायाला मात्र अजून कुणी हात लावला नव्हता.

त्यासाठी नानांनी न्हाणीघर गाठलं. उरलेला बर्फ बादलीत टाकून त्यात उजवा पाय सोडला, आणि डाव्या पायाला जरा जीव यावा म्हणून तो कोमट पाण्याच्या टबात ठेवला. अहाहा! दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी डोळे मिटले. न्हाणीघराची कडी ढिली होती. डोळे उघडून बघतात तो समोर टॉवेल हातात घेऊन नानी.

"एक थंडात, एक गरमात. नेमका दुखतोय तरी कोणता?"

"दोन्ही," नाना म्हणाले.

"मग हे काय चाललंय?"

नानांनी शांतपणे सांगितलं की हा प्रयोग आहे. एका पायाला तुझी पद्धत, एका पायाला जावयाची. बघू कोण जिंकतं. नानी बाहेर गेल्या आणि फोनवर लेकीला म्हणाल्या, आता बर्फ डोक्यालाही लागेल, जरा जास्त पाठव.

जास्तच आला. संध्याकाळी जावई आदल्या दिवसापेक्षा मोठी लादी घेऊन हजर. या वेळी आणखी दोन वाक्यं बोलला. लादीच्या मधला बर्फ काचेसारखा असतो आणि कडेचा दुधासारखा, असं त्यानं सांगितलं. तुमच्यासाठी मधला काढून आणलाय, हेही सांगितलं. लेक दारात उभी राहून आईचा हात दाबत होती. नानांनी निमूट डावा पाय पुढे केला. मधला बर्फ तो मधलाच. कडेच्यापेक्षा लवकर बधिर करत होता.

परीक्षेच्या सकाळी नानांनी उजव्या घोट्याला बुटाच्या आत घट्ट पट्टी आवळली आणि दलाच्या पटांगणात पोचले. घरची माणसंही बघायला आली होती. मोठे साहेब छत्रीखाली खुर्ची टाकून बसले होते. शेजारी दलाची डॉक्टरबाई होती. नाना साहेबांसमोर ताठ चालले, डॉक्टरबाईसमोर आणखी ताठ चालले, आणि जावई दिसताच डावा पाय ओढायला लागले. डॉक्टरबाईनं चष्मा वर केला. आत्ता सरळ चालणारा माणूस दहा पावलांवर लंगडा झाला, हे तिनं पाहिलं होतं.

नंबर शेवटचा होता. तोवर बसून करायचं काय? जावयानं बरोबर आणलेला डबा उघडला. चढायच्या आधी जरा लावू, म्हणाला. नानांनी लेकीकडे पाहिलं, लेकीनं नानांकडे पाहिलं, आणि बूट निघाला.

नाव पुकारल्यावर बूट पुन्हा चढवला तेव्हा डावा पाय दुसऱ्याचा उसना आणल्यासारखा झाला होता. पण शिडी समोर दिसली आणि नानांच्या अंगात वारं शिरलं. चढताना डोळ्यांना पायऱ्या दिसतात, हातांना ओळख असते. उजवा पाय बोंबलत होता, डावा गप्प होता, आणि नाना चढत होते. खाली टाळ्या सुरू झाल्या. मनोऱ्याच्या वरच्या कठड्याला हात लावून त्यांनी साहेबांना असा कडक सलाम ठोकला, की साहेबांना छत्रीखालून बाहेर येऊन तो घ्यावा लागला.

मग उतरायला म्हणून नानांनी डावा पाय खाली सोडला.

पाय खाली गेला, पण पायरीला लागला की नाही, हे त्यांना कळेना. उतरताना पायरी दिसत नाही. तळव्यानंच सांगावं लागतं. आणि तळवा काही सांगायला तयार नव्हता. नानांनी तो थोडा उजवीकडे नेला, थोडा डावीकडे नेला. हवा आणि लोखंड यांत काडीचा फरक लागेना. डाव्यावर भार टाकावा तर तो कशावर आहे ते माहीत नाही, उजव्यावर एकट्यानं किती वेळ तोलणार. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी शिडीला मिठी मारली.

खाली कुणाच्या लक्षात आलं नाही. लोकांना वाटलं, नाना वर थांबून मान घेतायत. टाळ्या वाढल्या. नानांनी मदतीसाठी एक हात हलवला. तिकडून शंभर हात हलले.

एकटा जावई हलवत नव्हता. तो डब्याचं झाकण टाकून धावला आणि दलातली माणसं अडवायच्या आत शिडीवर चढला. थोड्याच वेळात नानांच्या घोट्याभोवती दोन गारेगार हात आले.

"बाबा, डावा सोडा. मी धरलाय. हां. टेकला."

"टेकला?"

"टेकला. आता उजवा. सावकाश, तो दुखतोय."

नाना निम्मा भार उतरवता उतरवता थबकले. "काय म्हणालात जावईबापू?"

"उजवा दुखतोय ना. आता डावा."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. डाव्याला सूजच नव्हती."

वाऱ्यानं शिडी जराशी हलली. दोघं एकमेकांना धरून राहिले, म्हणजे जावई पायांना आणि नाना शिडीला.

"अरे गाढवा, मग बोलला का नाहीस?" नानांच्या तोंडून निसटलं. वर्षभर ज्याला अहो-जाहो केलं त्याला एकदम अरे, आणि वर गाढव.

जावयाला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. "तुम्ही म्हणालात, आराम पडला. म्हटलं, सासऱ्यांना खोटं कसं पाडायचं?"

"आणि काल?"

"काल तुम्ही दारापर्यंत लंगडत आलात. डाव्या पायानं. एवढी मेहनत घेत होतात." त्यानं पाय पुढच्या पायरीवर नीट ठेवला. "टेकला. आणि घरी ही इतकी खूश होती."

खालची दोन-तीन पावलं नानांनी उगाचच हळू घेतली. ते दोघं एवढा वेळ एकमेकांशी कधी बोलले नव्हते, आणि शिडी तर संपत आली होती.

जमिनीवर टेकताच डॉक्टरबाईनं त्यांना खाली बसवलं आणि दोन्ही बूट काढायला लावले. तिनं एक पाय पाहिला, मग दुसरा पाहिला, मग आपण बरोबर पाहतोय ना म्हणून पुन्हा पहिला पाहिला. उजवा मुरगळून दुधी भोपळ्यासारखा झालेला. डावा बर्फानं पोळलेला आणि त्यावर शेकानं आलेला फोड. मग नानांनी जन्मभर दुसऱ्यांना दिलेला धडा तिनं सगळ्या भरतीदेखत नानांनाच दिला. उघड्या कातडीवर बर्फ ठेवू नका, मधे फडकं घ्या, थोडा वेळ लावून काढा, बधिर जागेला शेक देऊ नका. नानांनी मान डोलवली. शेवटी तिनं विचारलं की हे सगळं ठीक, पण चांगल्या पायाला बर्फ लावायची कल्पना कुणाची?

जावयानं तोंड उघडलं. नानांनी त्याच्या आधी सांगितलं, "माझी."

साहेब सज्जन होते. स्वतःच्या पायांनी खाली यायचा नियम आहे आणि पाय नानांचेच होते, हे त्यांनी मान्य केलं. पण हात दुसऱ्याचे होते. म्हणून निकाल असा लागला, की पाय बरे होईपर्यंत फोनचं टेबल, आणि महिन्यानं पुन्हा परीक्षा. नाना गादीच्या खुर्चीवर जाऊन बसले. गादी मऊ होती, याचाच त्यांना जास्त राग आला.

महिना संपत आला तेव्हा सूज उतरली होती, डाव्या पायाची नवी कातडी गुलाबी झाली होती आणि नाना पंख्याबद्दल तक्रार करायला लागले होते. एका दुपारी फोन वाजला. आगच असावी या आशेनं त्यांनी झडप घालून उचलला.

"बाबा, मी बोलतोय," पलीकडून जावई म्हणाला. कारखान्याची यंत्रं मागे घुरघुरत होती. "आज पाय कसा आहे?"

"ठणठणीत. दोन्ही."

"बरं," जावई म्हणाला. "मग संध्याकाळी यायचं काही कारण नाही."

हो, बरं, निघतो. सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार, हे नानांना त्या घुरघुरीतच ऐकू आलं.

"नाही म्हणजे," ते घाईघाईनं म्हणाले, "जरासा ठणकतोय. येऊन बघ एकदा. बर्फ आण."

"आणतो," जावई खुलून म्हणाला. "कोणता ठणकतोय?"

"डावा," नाना म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर कपाळाला हात लावून बसले.